पडद्यावरचं शहर आणि आपलं पार्किंग

मागच्या दिवाळीत नातवाने मला संगणकावर 'सिमसिटी' हा खेळ दाखवला. रस्ते आखायचे, घरं, दुकानं, कारखाने यांच्या जागा ठरवायच्या, कर लावायचा. मग शहर वाढत जातं. मी विचारलं, "अरे, एवढ्या गाड्या रात्री उभ्या कुठे राहतात?" तो हसला, "आजोबा, खेळ आहे तो!" पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून थोडं वाचन केलं.

या खेळाचं मूळ एका गंभीर पुस्तकात आहे. अमेरिकेतील एमआयटीचे जे फॉरेस्टर यांनी, बॉस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स यांच्याशी चर्चा करून, शहराचं गणित संगणकावर मांडलं. १९६९ साली 'अर्बन डायनॅमिक्स' प्रसिद्ध झालं. गरिबांसाठी स्वस्त घरं बांधली तर शहराची स्थिती उलट बिघडते, असा त्यातला एक निष्कर्ष. टीकेची झोड उठली. त्या गणितात उपनगरंच धरली नव्हती! बँकेत कर्जप्रस्ताव तपासताना आम्हीही म्हणायचो, बेरीज जुळली म्हणून हुरळू नका. गृहीत काय धरलंय ते आधी पाहा.

पुढे विल राइट या तरुणाने बॉम्बफेकीचा एक खेळ तयार केला. त्यातली बेटं उडवण्यापेक्षा रचण्यातच त्याला जास्त मजा आली. मग फॉरेस्टर यांचं काम वाचून त्याने 'सिमसिटी' घडवला; तो १९८९ साली आला. २०१३ च्या आवृत्तीचे प्रमुख रचनाकार स्टोन लिब्रँड यांनी तर कबूलच केलं, की पार्किंग खऱ्या प्रमाणात दाखवलं असतं तर सगळं शहर वाहनतळांनीच भरलं असतं. म्हणून ते जमिनीखाली आहे असं मानून घेतलं.

याची दुसरी बाजूही आहे. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या 'यूएन-हॅबिटॅट'ने 'माइनक्राफ्ट' खेळाच्या निर्मात्यांबरोबर एक उपक्रम सुरू केला. नैरोबीच्या किबेरा वस्तीतल्या तरुणांनी आपलं मैदान कसं हवं, ते पडद्यावर ठोकळे रचून दाखवलं.

पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या कमिटीत मीही होतो. आम्ही स्कूटरींचाच हिशेब धरला. चारचाकी घरोघरी येईल असं वाटलंच नाही. आता मुलांच्या खेळाच्या जागेवर पार्किंग करण्याचा विषय सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. माझी विनंती एवढीच: हात वर करण्याआधी आपल्या मुलांना हे आवार संगणकावर रचू द्या. आपण काय धरायचं विसरलो, ते कदाचित तीच दाखवतील.