गोल कोपऱ्याचे गणित

संगणकाच्या पडद्यावरील चौकटी आणि बटणे नीट पाहा. त्यांचे कोपरे बहुधा टोकदार नसून गोलसर असतात. असा कोपरा काढणे हे काम चित्रकाराचे की गणितज्ञाचे? आपल्या शाळांत गणिताचा तास आणि चित्रकलेचा तास यांची एकमेकांशी ओळखही नसते. म्हणून या प्रश्नाचा इतिहास आपण थोडा तपासून पाहू.

पूर्वी बहुतेक संगणकांना आज्ञा टंकलिखित करून द्याव्या लागत. पडद्यावरील चित्रांकडे निर्देश करून संगणक चालवण्याची पद्धत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात 'आल्टो' या संगणकावर १९७३ पासून विकसित होत गेली. पुढे अ‍ॅपल कंपनीने त्याच वाटेने जाऊन १९८४ साली 'मॅकिंटॉश' बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर ५१२ × ३४२, म्हणजे १,७५,१०४ ठिपके होते. प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा.

या ठिपक्यांतून आकृती काढणारी आज्ञावली बिल अ‍ॅटकिन्सन यांनी लिहिली. वर्तुळ काढायचे तर वर्ग आणि वर्गमूळ आलेच. पण त्या संगणकाच्या प्रक्रियकात अपूर्णांकांची आकडेमोड थेट करण्याची सोय नव्हती. अ‍ॅटकिन्सन यांनी एक जुनाच गुणधर्म वापरला. १ + ३ = ४, १ + ३ + ५ = ९, १ + ३ + ५ + ७ = १६. १ पासून क्रमाने येणाऱ्या विषम संख्यांची बेरीज नेहमी पूर्ण वर्ग असते. म्हणजे एक ठिपका पुढे सरकताना नवा वर्ग काढण्यासाठी गुणाकार नको. पुढची विषम संख्या मिळवली की झाले! वर्तुळे झरझर उमटू लागली.

१९८१ साली त्यांनी ही करामत दाखवली, तेव्हा स्टीव्ह जॉब्ज यांनी गोल कोपऱ्यांचे आयत मागितले. ते अवघड आहे आणि त्यांची गरजही नाही, असे अ‍ॅटकिन्सन यांचे मत होते. जॉब्ज यांनी त्यांना खोलीतील वस्तू दाखवल्या, मग रस्त्यावर नेले. जिकडे पाहावे तिकडे गोल कोपरे. वाहने उभी करण्यास मनाई करणारी पाटीसुद्धा तशीच! अ‍ॅटकिन्सन यांना ते पटले आणि दुसऱ्याच दिवशी तसे आयत तयार झाले. येथे गरज ओळखली ती डोळ्याने. पण ती इतक्या लवकर भागली, कारण वर्तुळाचे गणित आधीच हाती होते.

उलट दिशेचे उदाहरण सुझन केअर यांचे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कलेतील पीएच.डी. असलेल्या केअर १९८३ साली या गटात आल्या. संगणकाचा अनुभव नव्हता, म्हणून त्यांनी चौकटींची वही आणली. ३२ × ३२ चौकटींत एक चित्रखूण बसवायची. चौकट भरायची किंवा मोकळी सोडायची. आपल्याकडे दुसुतीवर टाके मोजून भरतकाम करणाऱ्यांना ही बंधने नवी वाटणार नाहीत. हसणारा संगणक, बिघाड सांगणारा बॉम्ब अशा खुणा त्यांतूनच जन्मल्या. मॅकिंटॉशच्या कळफलकावर आजही असलेली चार फासांची खूण त्यांनी चिन्हांच्या कोशातून निवडली. स्वीडनमध्ये ती प्रेक्षणीय स्थळ दाखवण्यासाठी वापरतात.

तंत्राची मर्यादा ठाऊक असल्याने कल्पना खुंटली नाही. तिला नेमके वळण मिळाले. कल्पनेने मागणी केल्यामुळे गणितालाही नवे काम मिळाले. मुलांना 'तू गणिताचा' आणि 'तू चित्रकलेचा' असे लहानपणीच वाटून टाकताना आपण हे विसरतो.

एक उपक्रम सुचवतो. आलेख कागदावर ३२ × ३२ चौकटी आखून 'थांबा', 'चुकले', 'जपून ठेवा' यांच्या खुणा मुलांना काढू द्या. १,०२४ चौकटी, दर आठ चौकटींस एक बाइट. तर एका खुणेला स्मृती किती लागेल, हेही त्यांनाच काढू द्या. मग ती खूण अर्थ न सांगता दुसऱ्या वर्गातील मुलांना दाखवा. त्यांना ती ओळखता आली नाही, तर हिशेब बरोबर असूनही खूण पुन्हा काढावी लागेल. हा तास गणिताच्या आणि चित्रकलेच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा.