मुंबईचे रस्ते आणि मुंबईचा विस्तार

शहराची वाढ आपण लोकसंख्येच्या आकड्यांनी मोजतो. परंतु एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाण्यास किती वाटा आहेत, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. मुंबईचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

मूळची सात बेटे भराव आणि बांध घालून जोडली गेली. पुढे १८६० नंतर, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, किल्ल्याचा तट पाडला गेला आणि कोट व बाहेरची वस्ती एकमेकांस मिळाली. तरीही मांडवी, डोंगरी, भुलेश्वर येथील गल्ल्या अरुंद व कोंदटच राहिल्या. १८९६ साली मांडवीत प्लेगने तोंड काढले, तेव्हा राज्यकर्त्यांचे डोळे उघडले. १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड आणि आपल्या परिचयाचा महंमद अली रोड ही त्याचीच कामे होत. दाट वस्तीत हवा व वाहतूक शिरली. मात्र त्यासाठी ज्यांची घरे पाडली गेली, त्यांतील अनेक गरिबांना नव्या इमारतींचे भाडे परवडले नाही. उलट दादर-माटुंग्यास ट्रस्टने आधी रस्ते आखले व मग घरे उभी राहिली. तेथील रस्ते आजही एकमेकांस सरळ मिळतात.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५० व १९५७ साली शहराची हद्द वाढून दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. वस्ती रेल्वेच्या कडेने उत्तरेकडे पसरली. पूर्व-पश्चिम जोडणारे रस्ते मात्र थोडेच झाले. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता पूर्ण व्हायला २०१४ साल उजाडले, कारण मधल्या जागेत तोवर हजारो संसार थाटले गेले होते. आता तर एकाच फाटकाची मोठमोठी संकुले उभी राहत आहेत. शाळा भिंतीपलीकडे दिसते, पण मुलाला मोठा वळसा घालून जावे लागते. आग लागली तर बंबालाही तोच वळसा पडतो.

यातून बोध एकच. घर पाडून पुन्हा बांधता येते. पण सुरुवातीस न ठेवलेला रस्ता पुढे कोणाचे तरी घर मोडल्याशिवाय मिळत नाही. म्हणून नव्या वसाहतीत जागा घेताना पालकांनी खोल्यांबरोबर रस्ताही पाहावा: तो पुढे कोठे मिळतो, की भिंतीशीच संपतो? आणि विद्यार्थी मित्रांनो, आपल्या मोहल्ल्याचा नकाशा एकदा स्वतःच्या हाताने काढून पाहा. इतिहासाचा तो उत्तम धडा ठरेल.