भाकरी, कुत्रा आणि काळी जीभ

मलकापूरला आमच्या घराच्या मागच्या पडवीत एक गावठी कुत्रा राहतो. गेल्या पावसाळ्यात मी सुटीवर गेलो तेव्हा त्याचे पोट बिघडले होते. दोन दिवस बरे, तिसऱ्या दिवशी पुन्हा जुलाब. आई म्हणाली, "त्याला वशाट बंद कर. नुसती दूधभाकरी घाल." शेजारचे काका म्हणाले, "अहो, दूधच बंद करा. भात घाला." तिसऱ्याने सांगितले, कुत्रा हा मांस खाणारा प्राणी, त्याला धान्य पचतच नाही. सगळ्यांनी शेवटी माझ्याकडे पाहिले. घरात विज्ञानाचा डॉक्टर असला की असे प्रसंग येतात!

गंमत अशी, की तिघांच्याही बोलण्यात थोडे थोडे तथ्य होते. ते कसे, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल.

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद नावाची प्राचीन वसाहत आहे. तेथे १९७४ साली ब्राँझच्या चार जड मूर्ती सापडल्या. त्यांपैकी एक बैलजोडी जुंपलेला रथ आहे. रथात माणूस उभा आहे आणि पुढच्या दांडीवर एक कुत्रा! म्हणजे आपल्याकडे शेती करणाऱ्या माणसाच्या सोबतीला कुत्रा फार पूर्वीपासून आहे. शेतकऱ्याच्या दारात कुत्र्याला काय मिळणार? शिकार क्वचित, उरलेसुरले धान्याचे अन्न रोज.

या सहवासाची खूण कुत्र्याच्या शरीरात सापडते का? २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी लांडगे आणि कुत्रे यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्टमय पदार्थांचे विघटन करणारे अमायलेज हे विकर कुत्र्याच्या स्वादुपिंडात तयार होते. त्याचा नमुना असलेल्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळतात. कुत्र्यांत मात्र ४ पासून ३० पर्यंत प्रती सापडल्या. ज्यांना माणसाच्या उष्ट्यावर जगता आले, ती कुत्री तगली, वाढली. म्हणजे कुत्र्याला धान्य पचत नाही हे खरे नाही. नीट शिजवलेला भात आणि भाकरी त्याला पचते. सगळ्या कुत्र्यांत प्रती सारख्या नसतात, हेही मात्र लक्षात ठेवायला हवे.

दुधाची गोष्ट वेगळी. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारे विकर पिल्लात भरपूर असते, मोठेपणी बहुतेक कुत्र्यांत ते कमी होते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते. तेथले जीवाणू ती आंबवतात, शिवाय ती पाणी ओढून घेते, आणि जुलाब होतात. शेजारचे काका बरोबर होते!

मग आईचे वशाट बंद करून नुसत्या भाकरीवर ठेवणे? येथे खरी गोष्ट सुरू होते. पोटाला सोसणे आणि शरीराचे पोषण होणे हे दोन निराळे प्रश्न आहेत. हा फरक माणसाला शिकवला तो कुत्र्यांनीच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा नावाच्या रोगाने थैमान घातले होते. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे, जुलाब, शेवटी बुद्धिभ्रंश आणि मृत्यू. लोकांना वाटे हा संसर्गजन्य रोग आहे. १९१४ साली जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरकडे हे काम आले. त्यांनी पाहिले, की अनाथालयांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत रुग्णांना रोग होतो, त्यांची सेवा करणाऱ्यांना होत नाही. मग संसर्ग कसा? फरक होता ताटात. गरिबांच्या ताटात मका होता. दूध, मांस, अंडी नव्हती. संसर्गाची शंका फिटावी म्हणून १९१६ साली गोल्डबर्गर, त्यांची पत्नी आणि सहकारी यांनी रुग्णांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

पण अन्नात नेमके काय कमी होते? हे शोधायला प्रयोगाचा प्राणी हवा होता. त्या भागातल्या कुत्र्यांना 'काळी जीभ' नावाचा रोग होत असे. तोंड येई, जीभ काळीनिळी पडे, रक्ताचे जुलाब होत आणि कुत्रे मरे. गोल्डबर्गर यांच्या गटाने ओळखले, की हा कुत्र्यांचा पेलाग्राच आहे. ते कुत्र्यांना निकृष्ट आहार देऊ लागले, पण कुत्री तो खाईनात. भूक वाढावी म्हणून आहारात थोडे यीस्ट मिसळले. कुत्री जेवू लागली, पण रोग होईना! प्रयोग फसला असे वाटत असतानाच उलगडा झाला: औषध यीस्टमध्येच होते. ते औषध म्हणजे नेमके कोणते रसायन, हे कळायला १९३७ साल उजाडले. विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनराड एल्व्हेजेम यांनी काळ्या जिभेची कुत्री निकोटिनिक आम्लाने, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाने, बरी करून दाखवली. त्यानंतर लवकरच माणसांचा पेलाग्राही त्याच औषधाने बरा होऊ लागला.

मका आणि पेलाग्रा हे नाते आता पक्के झाले. मक्यातले नायसिन बांधलेल्या स्थितीत असते, शरीराला मिळत नाही. शिवाय ज्यापासून शरीर थोडे नायसिन स्वतः बनवते, ते ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्लही मक्यात कमी. पण आपल्या दख्खनमध्ये कोडे पडले. हैदराबादच्या आसपास ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा दिसत होता, आणि ज्वारीची स्थिती मक्याइतकी वाईट नव्हती!

कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला आली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली एक कल्पना मांडली: ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल फार जास्त आहे, ते नायसिनच्या कामात अडथळा आणत असावे. १९६५ साली भवानी बेळवाडी आणि गोपालन यांनी दाखवले, की ज्वारीच्या आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांना काळी जीभ होते. पुढे असेही दिसले, की ल्युसिन कमी असलेल्या ज्वारीवरची कुत्री वाचतात. ल्युसिनचा हा वाटा नेमका किती, यावर नंतर वाद झाला. ब-६ जीवनसत्त्वाचाही संबंध पुढे आला. पण मुख्य मुद्दा टिकला. दोष भाकरीचा नव्हे, 'नुसत्या' भाकरीचा. डाळ, दूध, भाजी, अंडे सोबतीला आले की तीच भाकरी उत्तम अन्न ठरते.

या प्रयोगांत किती कुत्र्यांनी यातना सोसल्या, हे वर्गात सांगताना लपवू नये. आपल्या ताटातल्या ज्ञानाची किंमत कोणीतरी मोजलेली असते.

आता आमच्या पडवीकडे वळू. आम्ही दूध थांबवले. चार दिवस मऊ भात आणि सोबत उकडलेल्या कोंबडीचे थोडे बिनहाडाचे मांस, तेल-तिखटाशिवाय, थोडे थोडे करून घातले. कांदा-लसणाचा रस्सा कायमचा बंद केला, कारण कांद्यातील गंधकयुक्त पदार्थांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. पोट थाऱ्यावर आल्यावर आठवडाभरात हळूहळू नेहमीच्या अन्नावर आणले. एका वेळी एकच नवा पदार्थ द्यायचा, म्हणजे न सोसणारा सापडतो. रक्त पडले, उलट्या थांबेनात किंवा कुत्रा मलूल झाला, तर मात्र घरगुती प्रयोग न करता जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावे. आणि भातावर पोट बरे झाले म्हणून जन्मभर भातावरच ठेवू नये. आई हसून म्हणाली, "म्हणजे वशाट पाहिजेच म्हण की!" पाहिजेच, किंवा अंडे तरी.

शिक्षकांनी वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहावा. मुलांना भाकरीचा कोरडा तुकडा दोन मिनिटे चावायला सांगा. तो गोड लागू लागेल, कारण आपल्या लाळेत अमायलेज असते. मग सांगा, की कुत्र्याच्या लाळेत ते जवळजवळ नसतेच, त्याचे काम पुढे आतड्यात होते. आणि विचारा: घरचा कुत्रा भाकरी न चावता गिळतो, त्यात त्याचे काही बिघडते का?