अखंड शिळा : उचलणारे आणि उचलविणारे

पुरातन वास्तूपुढे उभ्या राहिलेल्या मनुष्याच्या मनात पहिला विचार येतो तो बहुधा वजनाचा. "एवढा दगड त्यांनी उचलला तरी कसा?" हा प्रश्न आमच्या खानापूर तालुक्यात हलशीच्या भूवराह-नरसिंह मंदिरात जसा ऐकू येतो, तसाच तो ग्रीस देशात, रोम नगरीत आणि लेबाननमधील बालबेक येथेही ऐकू येतो. प्रश्न साधा आहे. परंतु त्याला निरनिराळ्या काळी आणि निरनिराळ्या देशांत जी उत्तरे दिली गेली, त्यांवरून समाज आपल्या पूर्वजांपैकी कोणाचे स्मरण ठेवतो आणि कोणाला विसरतो, हे चांगले कळून येते. म्हणून त्या उत्तरांचा थोडा परामर्श घेण्याचे येथे योजिले आहे.

आपल्याकडील सर्वांत प्रचलित उत्तर पांडवांचे होय. वनवासात असताना त्यांनी एका रात्रीत देऊळ उभारले, कोंबडा आरवला आणि काम अर्धवट राहिले, ही कथा सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना सांगितली जाते. त्याखालोखाल मान आहे तो हेमाडपंताचा. चुन्यावाचून रचलेले जुने देऊळ महाराष्ट्रात दिसले, की ते त्याच्या नावावर जमा होते. कर्नाटकात हाच मान जकणाचार्याला मिळतो. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील. त्याच्या नावावर चढविलेली कित्येक देवळे त्याच्या जन्मापूर्वीची आहेत. तथापि या समजुतीला हसण्याचे कारण नाही. ग्रीकांनीही हेच केले होते. मायसीनी आणि तिरिन्स येथील प्राचीन तटांचे धोंडे पाहून ते एकाक्ष राक्षसांनी, म्हणजे सायक्लोप्सांनी रचले, असे त्यांनी ठरवून टाकले. दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियस लिहितो, की तिरिन्सच्या तटातील लहानात लहान दगडही खेचरांच्या जोडीला हलविता येणार नाही. मायसीनी येथील 'अट्रियसचा कोष' म्हणून प्रसिद्ध असलेल्या थडग्याच्या दारावरील शिळा तर सुमारे १२० टनांची आहे. ती बसविणाऱ्यांची स्मृती लोपली तेव्हा त्यांच्या जागी राक्षस आले.

सुदैवाने ग्रीकांच्या पुढील काळाविषयी कथांबरोबर वृत्तान्तही उपलब्ध आहेत. इ. स. पू. सहाव्या शतकात एफिसस येथे आर्टेमिस देवीचे प्रचंड मंदिर बांधले गेले. त्याचा स्थपती खेर्सिफ्रॉन याच्यापुढे खांब खाणीतून आणावयाचे कसे, ही अडचण होती, कारण जमीन मऊ होती आणि भारलेल्या गाड्यांची चाके रुतली असती. रोमन ग्रंथकार व्हिट्रूव्हियस सांगतो, की त्याने खांबांच्या दोन्ही टोकांत लोखंडी आस बसविले, ते लाकडी चौकटीत अडकविले आणि शेतात रूळ फिरवावा तसे खांब बैलांकडून लोळवीत आणले. तुळया काही गोल नव्हत्या. तेव्हा त्याचा पुत्र मेटाजिनीझ याने तुळईच्या दोन टोकांना मोठमोठी चाके चढवून तीच युक्ती चालविली. पुढे पॅकोनियस नावाच्या एका कंत्राटदाराने या पद्धतीत आपली सुधारणा केली. दोर दोन्ही बाजूंना न बांधता त्याने मध्यावर एकच गुंडाळला. परिणामी शिळा सरळ न जाता पुनःपुन्हा तिरकी होऊ लागली आणि ती मागेपुढे ओढण्यातच त्याचा सर्व पैसा संपला. दगड हलतो तो हिशेबाने, आणि हिशेब चुकला की दिवाळे निघते, असा या वृत्तान्ताचा सरळ अर्थ आहे.

मात्र याच मंदिराविषयी प्लिनीने नोंदविलेली आख्यायिका निराळी आहे. दारावरील सर्वांत मोठी शिळा काही केल्या नीट बसेना. स्थपती प्राण देण्याच्या विचारात पडला. रात्री देवी स्वप्नात आली, 'दगड मी बसविला आहे' म्हणाली, आणि सकाळी पाहतात तो शिळा आपल्याच वजनाने जागेवर बसलेली! रात्र, दैवी साहाय्य आणि सकाळी पुरे झालेले काम, ही घडण आपल्या पांडवकथेहून फार दूर नाही. एकाच वास्तूच्या नावे यंत्राची हकीकत आणि देवीची कथा अशी दोन्ही उत्तरे शिल्लक राहावीत, हे विशेष होय.

ग्रीक वास्तूंच्या इतिहासात अखंड शिळेसंबंधी एक महत्त्वाचे वळण दिसते. कॉरिंथ येथील अपोलोच्या मंदिराचे, इ. स. पू. ५४० च्या सुमाराचे, खांब प्रत्येकी एकाच दगडाचे असून ते वीस फुटांहून अधिक उंच आहेत. याच्या उलट, शंभर वर्षांनी (इ. स. पू. ४४७ ते ४३२) उभारलेल्या पार्थेनॉनचे खांब एकावर एक ठेवलेल्या पाषाणचकत्यांचे आहेत. मग ग्रीकांचे बळ घटले काय? मुळीच नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या दगडांवर चिमट्यासाठी आणि लोखंडी खुंट्यांसाठी कोरलेल्या खोबणी आढळू लागतात, म्हणजेच कप्प्यांची यारी वापरात आली होती. उतरणीवरून शेकडो हातांनी ओढण्यापेक्षा थोड्या कुशल कामगारांनी बेताचा दगड यारीने उचलणे अधिक सोयीचे ठरले. येथे गणितही ध्यानात घ्यावयास हवे. एक घनमीटर चुनखडीचे वजन सुमारे अडीच टन. त्या ठोकळ्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली की वजन दुप्पट न होता आठपट, म्हणजे वीस टन होते. दगड थोडा मोठा केला तरी त्यामागील माणसांची, दोरांची आणि लाकडांची गरज झपाट्याने वाढते.

याच अथेन्समध्ये एरेक्थिऑन मंदिराच्या कामाचे इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरचे हिशेब दगडावर कोरून ठेवलेले सापडले आहेत. त्यांत कोणी कोणते काम केले आणि त्याला काय मिळाले, याच्या नोंदी आहेत. एका दिवसाला एक द्राख्मा हा त्यांतील नेहमीचा दर. नागरिक, बाहेरून येऊन राहिलेले रहिवासी आणि गुलाम एकाच कामावर होते, हेही त्यांवरून समजते. कामगारांची नावे पाषाणावर टिकून राहिल्याचे हे उदाहरण जगाच्या इतिहासात दुर्मीळच म्हटले पाहिजे.

रोमन साम्राज्यात अखंड शिळेचा मोह पुन्हा बळावला. यारी तर रोमनांपाशी ग्रीकांहून सरस होती. तरीही रोममधील पँथिऑनच्या दर्शनी मंडपासाठी सुमारे ४० फूट उंचीचे, प्रत्येकी साठ टनांच्या आसपास वजनाचे सोळा एकसंध ग्रॅनाइटचे खांब इजिप्तच्या खाणींतून नदी आणि समुद्र ओलांडून आणले गेले. बालबेक येथे ज्युपिटरच्या मंदिराच्या बैठकीत साठ फुटांहून लांब अशा तीन शिळा शेजारी शेजारी बसविलेल्या आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकीचे वजन सुमारे ८०० टन मानले जाते. जवळच्या खाणीत त्यांहूनही मोठ्या शिळा पडून आहेत. २०१४ साली जर्मन पुरातत्त्वज्ञांनी उजेडात आणलेली शिळा तर सुमारे १६५० टनांची आहे. या प्रचंड आकड्यांमुळे अलीकडे राक्षसांच्या जागी परग्रहावरील प्राणी आणून बसविण्याची हौस फोफावली आहे. परंतु खाण मंदिरापासून एक किलोमीटरच्याही आत आहे आणि मंदिराहून किंचित उंचावर आहे, त्यामुळे शिळा वर उचलण्याचा प्रश्न फारसा नव्हता, ओढण्याचाच होता. शिवाय त्याच मंदिराचे खांब तीन तीन तुकड्यांचे आहेत. जेथे उंच चढवावयाचे तेथे त्या बांधकाऱ्यांनीही दगड लहान केला. राक्षसांना अशी काटकसर करावी लागली नसती.

पँथिऑनच्या दर्शनी पट्टीवर जो लेख आहे, त्यात अग्रिप्पाने तिसऱ्यांदा कॉन्सल असताना हे 'केले', असे क्रियापद आहे. वास्तविक आज दिसणारी इमारत त्याच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने, हेड्रियन बादशहाच्या कारकिर्दीत पुरी झाली. म्हणजे ज्याने केले असे लेख सांगतो, त्याने ती पाहिलीही नव्हती. खांब ओढणाऱ्यांचा तर तेथे उल्लेखच नाही.

दख्खनमध्ये अखंड पाषाणाचा प्रश्न दुसऱ्याच मार्गाने सोडविला गेला. दगड उचलावयाचा नाही, तो आहे तेथेच ठेवावयाचा आणि नको तेवढा भाग काढून टाकावयाचा. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, वेरूळचे कैलास लेणे मुख्यतः असे घडले. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त याविषयीची एक कथा आहे. देवळाचे शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, असा पण राणीने केला. इतक्या थोड्या अवधीत शिखर कोण दाखविणार? पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला आणि त्याने काम शिखरापासूनच आरंभिले. कथा पुष्कळ नंतरची असली तरी तिच्यात कारागिरीचे खरे मर्म सांगितले आहे. डोंगर वरून खाली कोरीत आले म्हणजे परातीची गरज पडत नाही आणि शिळाही चढवावी लागत नाही. इ. स. ८१२-१३ च्या बडोदे ताम्रपटात तर हे मंदिर पाहून त्याचा कर्ताच विस्मित झाला आणि आपल्या हातून पुन्हा असे घडणार नाही असे त्याला वाटले, असे वर्णन आहे. त्याचे नाव मात्र तेथे दिलेले नाही.

श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराची सुमारे ५७ फूट उंचीची मूर्तीही दहाव्या शतकाच्या अखेरीस याच रीतीने डोंगरमाथ्यावरच घडली. तिच्या पायथ्याशी कन्नड आणि तमिळ लेखांबरोबर मराठी लेख आहे, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. मराठीचा आद्य शिलालेख म्हणून तो दीर्घकाळ गाजला. पुढे १०१२ चा अक्षीचा लेख पुढे आला, आणि गोमटेश्वराच्या चरणांखालील दोन्ही मराठी ओळी गंगराजाच्या वेळच्या, म्हणजे बाराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या असाव्यात, असे मत मांडले गेले. आमचे लक्ष वेधले ते त्यातील क्रियापदाने. मूर्ती चामुंडरायाने आणि सभोवतालची ओवरी गंगराजाने 'करविली', असे तो लेख म्हणतो. 'केली' असे म्हणत नाही. रोमन लेखाने लपविलेली गोष्ट मराठीने आपल्या प्रयोजक क्रियापदात राखून ठेवली आहे. करविणारा आला, की करणारा कोणीतरी होता हे ओघानेच आले. त्याचे नाव लेखात नाही, पण त्याची जागा वाक्यात रिकामी ठेवलेली आहे.

आता आमच्या प्रदेशाकडे वळू. हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. तेथे सापडलेल्या ताम्रपटांमुळे तिचा इतिहास पाचव्या शतकापर्यंत मागे जातो. बाराव्या शतकात गोव्याच्या कदंबांनी तिला पुन्हा वैभव आणिले. त्यांच्या प्रदेशातील आणि शेजारच्या रट्टांच्या राज्यातील मंदिरे पाहिली, तर येथील स्थपतींनी अजस्र शिळेचा हव्यास धरलेला दिसत नाही. दगड दाब सोसतो, पण आडवा टाकला की वाकण्याचा ताण त्याला सोसत नाही. म्हणून खांब जवळ जवळ उभे केले, तुळया आखूड ठेवल्या, आणि छताच्या चौकोनाचे कोपरे आडव्या शिळांनी कापीत कापीत ते लहान करीत नेले. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती १२०४ साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने बांधविली. तिच्या छतातून लोंबणारे पाषाणकमल पाहावे, म्हणजे बळाची उणीव कौशल्याने कशी भरून काढली हे समजते. घाटाखाली गोव्यात तांबडी सुर्ला येथे उभे असलेले महादेवाचे देऊळ ज्या काळ्या दगडाचे आहे, तो पठारावरून सह्याद्री उतरवून नेला, असे मानले जाते. ज्या वाटांनी ते दगड उतरले असतील, त्या आमच्याच तालुक्याच्या शिवेवरच्या.

कित्तूरजवळील देगाव येथे शिवचित्त पेर्माडी या कदंब राजाची राणी कमलादेवी हिने ११७४ च्या सुमारास कमलनारायणाचे मंदिर करविले. करविणाऱ्या राणीबरोबर तेथील लेखात तिप्पोज या सूत्रधाराचेही नाव आहे. एरेक्थिऑनच्या हिशेबांशी याची तुलना करणे धाडसाचे होईल. तरीही ज्या रिकाम्या जागेचा वर उल्लेख केला, ती येथे एका नावाने का होईना भरलेली आहे, ही आमच्या भागाला अभिमानाची गोष्ट वाटते.

आणि तिप्पोजाच्या हाताखालचे? त्यांची नावे आता मिळावयाची नाहीत. परंतु त्यांचा व्यवसाय कालपरवापर्यंत जिवंत होता. मराठी आणि कन्नड या दोन्ही मुलखांत वावरणाऱ्या वडार समाजात गाडीवडार ही एक शाखाच आहे. बांधकामाचे दगड गाड्यांवरून वाहून नेणे हा त्यांचा परंपरागत धंदा. पहार कोठे घालावी, पाचर किती ठोकावी, सुतकीचा घाव कोणत्या रेषेवर पडला म्हणजे दगड दुभंगतो, हे ज्ञान ग्रंथांत नव्हते, त्यांच्या हातांत होते. यंत्रे आली तसे ते हात रिकामे झाले आणि ते शब्दही विरळ होत चालले. शिलालेखांच्या वाचनासाठी विद्वान जितके श्रम घेतात, त्यांच्या दशांश श्रम घेऊन आमच्या शिक्षकबंधूंनी आपापल्या गावच्या वृद्ध पाथरवटांपाशी आणि वडारांपाशी बसून हे शब्द आणि या कृती टिपून ठेवल्या, तर 'एवढा दगड त्यांनी उचलला तरी कसा' या प्रश्नाला विद्यार्थ्यांपुढे पांडवांना किंवा परग्रहवासीयांना उभे करण्याची गरज राहणार नाही. उत्तर देणारी माणसे अजून पुरती गेलेली नाहीत. त्यांना विचारावयास मात्र विलंब होऊ नये.