परवचा आणि गणिताचा तास

गणित कोणत्या पुस्तकातून आणि कोणत्या पद्धतीने शिकवावे यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते. ते दिवसाच्या कोणत्या वेळी आणि किती सलग वेळ शिकवावे, हा प्रश्न मात्र वेळापत्रक आखणाऱ्या शिक्षकावर सोडून दिला जातो. महाराष्ट्रातील शाळांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा प्रश्न दुय्यम नव्हता असे दिसते. पंतोजींच्या शाळेत तासिका नव्हत्या. प्रत्येक मुलगा धूळपाटीवर आपापल्या गतीने पुढे सरके, पण दिवस मावळताना सगळे मिळून परवचा म्हणत. त्यात पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढाही असे. साडेतीन आणे शेर दराचा माल सात शेर घेतला, तर औटकी पाठ असलेल्याच्या तोंडी साडेचोवीस आणे लगेच येत. रुपयाचे सोळा आणे वजा केले की एक रुपया साडेआठ आणे. ही तयारी रोजच्या ठरलेल्या उजळणीतून येत असे.

1822 साली मुंबईत शाळा व शालोपयोगी पुस्तकांसाठी संस्था स्थापन झाली. तिच्या कामात पुढाकार घेणाऱ्या जॉर्ज जार्विस यांनी इंग्रज गणितज्ञ हटन यांच्या ग्रंथांवरून मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली. 1855 साली मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खाते सुरू झाले आणि इयत्ता, घंटा, वेळापत्रक व तपासणीला येणारे डेप्युटी हा शाळेचा साचा पक्का होत गेला. या बदलाने बीजगणित आणि भूमिती आली; उत्तराबरोबर ते का बरोबर आहे हे सांगण्याची शिस्त आली. पण गणित हा अनेक विषयांपैकी एक ठरला. सिद्धता अर्ध्यावर असताना घंटा होऊ लागली, आणि रोजची सामुदायिक उजळणी शाळेतून हळूहळू गृहपाठात ढकलली गेली.

परवचा मागे पडला तो वेळापत्रकामुळे नव्हे, तर 1 एप्रिल 1957 पासून दशमान नाणी आल्यामुळे, असे कोणी म्हणेल. औटकीपुरते ते खरे आहे. आणे गेले, शेर गेला, तेव्हा ते कोष्टक पाठ करण्याचे कारणही उरले नाही. पण जुना आशय गेल्यावर त्या जागी दशांश, टक्के, गुणोत्तर यांची रोजची तोंडी उजळणी येऊ शकली असती. तिच्यासाठी वेळच राखून ठेवला गेला नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पंतोजींच्या शाळेचे दार मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जाती यांना बंद होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढावी लागली, ती याचमुळे. म्हणून त्या शाळेकडे परत जाण्याचा विचारही नको. मात्र याच कारणाने उजळणी शाळेतच हवी. ज्या मुलाच्या घरी पाढे ऐकून घेणारे कोणी नाही, त्याचा सराव गृहपाठावर सोडणे म्हणजे नव्या शाळेने उघडलेले दार अर्धे लोटून घेणे.

घोकंपट्टी म्हणजे गणित नव्हे, हेही मान्यच. पण सात आठे किती यावर अडणाऱ्या मुलाचे लक्ष अपूर्णांकाच्या युक्तिवादावर टिकत नाही. गणिताला दोन प्रकारचा वेळ लागतो: रोजचा थोडा सरावासाठी आणि अधूनमधून सलग मोठा विचारासाठी. जुन्या शाळेने पहिला सांभाळला, दुसऱ्याचा विचार केला नाही. नव्या शाळेने दुसऱ्याची गरज निर्माण केली आणि दोन्ही एकाच तासिकेत कोंबले. दिवसाची वेळही महत्त्वाची आहे. लॉस एंजेलिस परिसरातील सहावी ते अकरावीच्या जवळपास 20 लाख विद्यार्थ्यांच्या माहितीवरून अर्थशास्त्रज्ञ नोलन पोप यांनी 2016 साली दाखवले, की दुपारऐवजी सकाळी गणित असलेल्यांची गणितातील कामगिरी सरस ठरते. फरक लहान आहे, पण त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही. सगळ्याच वर्गांना पहिला तास देता येणार नाही, कारण गणिताचे शिक्षक मोजकेच असतात आणि भाषेलाही ताजे मन हवे. तरीही परिपाठाला जोडून रोज दहा मिनिटे तोंडी गणित, आठवड्यातून एकदा जोडतास आणि दुपारचे तास वर्गांमध्ये आलटून पालटून, एवढे कोणत्याही शाळेला जमण्यासारखे आहे. वेळापत्रक हाही अध्यापनाचाच निर्णय आहे, आणि तो गणिताच्या शिक्षकाला विचारूनच व्हायला हवा.