भरलेली पेटी आणि नवे सर्किट
अमेरिकेतील घरांत वीज प्रथम मोजक्या दिव्यांपुरती आली. दुसऱ्या महायुद्धानंतर विजेच्या शेगड्या व वातानुकूलन यंत्रे वाढली, तेव्हा वितरण पॅनेल, म्हणजे मुख्य पुरवठा अनेक सर्किटांत विभागणारी पेटी, अपुरी पडू लागली. एका खाचेत दोन सर्किट ब्रेकर, म्हणजे प्रवाह मर्यादेपलीकडे गेल्यास तो आपोआप तोडणारी साधने, बसवण्याची सोय झाली. परंतु ब्रेकर वाढले तरी पुरवठ्याची क्षमता तेवढीच राहते, हे सहज विसरले जाई. म्हणून १९६५च्या राष्ट्रीय विद्युत संहितेने आराखड्याहून अधिक ब्रेकर बसूच नयेत अशी रचना बंधनकारक केली. हा निर्णय खरोखर दूरदृष्टीचा होता, कारण त्यामुळे सुरक्षितता माणसाच्या सावधपणावर न सोडता पेटीच्या घडणीतच आली. एका पॅनेलवरील ४२ ब्रेकरांची जुनी मर्यादा २००८च्या संहितेत शिथिल झाली. उत्पादकाने ठरवलेली संख्या मात्र आजही बंधनकारक आहे.