धर्मादाय सामना आणि मैदानाचा हक्क : इंग्लंडमधील स्त्रियांच्या फुटबॉलचा एक अध्याय (१९१७-१९२१)

प्रस्तावना :

इंग्लंडमध्ये नाताळ आणि त्याचा दुसरा दिवस, म्हणजे ‘बॉक्सिंग डे’, यांचे फुटबॉलशी जुने नाते आहे. कारखाने बंद, कामगारवर्ग घरी आणि सणाचे वातावरण, यामुळे या दिवशीच्या सामन्यांना मोठी गर्दी लोटत असे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी नोकरचाकरांना व गोरगरिबांना काही देण्याची प्रथाही तेथे होती. सुटी, खेळ आणि दानधर्म यांचा हा संयोग पहिल्या महायुद्धाच्या काळात एका अनपेक्षित घटनेस कारणीभूत ठरला. स्त्रियांचे संघ धर्मादाय सामन्यांच्या निमित्ताने मोठ्या क्रीडांगणांवर उतरले आणि अवघ्या चार वर्षांत त्यांना तेथून बाहेर काढण्यात आले. ज्या धर्मादाय हेतूने त्यांच्यासाठी मैदानाचे दार उघडले, तोच हेतू ते दार बंद करण्याचे साधन कसा बनला, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

युद्धकाळ आणि कामगार स्त्रिया :

१९१४-१५ च्या हंगामानंतर इंग्लंडमधील लीग सामने स्थगित झाले. तरुण पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत त्यांच्या जागी स्त्रिया काम करू लागल्या. मधल्या सुटीत कारखान्याच्या आवारात चेंडू खेळणे हा त्यांचा विरंगुळा होता. त्यातूनच कारखान्याकारखान्यांचे संघ उभे राहिले. ईशान्य इंग्लंडमध्ये १९१७-१८ साली दारूगोळा कामगार स्त्रियांची चषक स्पर्धाच भरली आणि ती ब्लाइथ स्पार्टन्सच्या संघाने जिंकली.

या सामन्यांच्या उत्पन्नाला खरी गरज होती. १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होईपर्यंत ब्रिटनमधील अनेक रुग्णालये वर्गणी व देणग्यांवर चालत असत. त्यात जखमी सैनिकांच्या शुश्रूषेचा भार पडला होता. त्यामुळे ‘जखमींसाठी खेळणाऱ्या मुली’ या भूमिकेला विरोध करणे कोणासही सोपे नव्हते. देशसेवा आणि दानधर्म हा स्त्रियांचा जणू मैदानात प्रवेश करण्याचा परवानाच होता.

प्रेस्टन ते गुडिसन पार्क :

लँकशरमधील प्रेस्टन या शहरात ‘डिक, कर अँड कंपनी’ हा ट्राम व विद्युत सामग्रीचा कारखाना होता. युद्धकाळात तेथे दारूगोळा तयार होऊ लागला. तेथील कामगार स्त्रियांचा संघ कचेरीतील कर्मचारी आल्फ्रेड फ्रँकलंड यांच्या व्यवस्थापनाखाली उभा राहिला. २५ डिसेंबर १९१७ रोजी, म्हणजे नाताळच्याच दिवशी, प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबच्या डीपडेल मैदानावर या संघाने अरंडेल कोलथार्ड या कारखान्याच्या संघाला ४-० असे हरविले. सुमारे १०,००० प्रेक्षक उपस्थित होते आणि उत्पन्न जखमी सैनिकांच्या स्थानिक रुग्णालयासाठी होते.

युद्ध संपले, परंतु गर्दी ओसरली नाही. १९२० साली अ‍ॅलिस मिलिया यांच्या पुढाकाराने फ्रान्सचा महिला संघ इंग्लंडमध्ये येऊन खेळला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डीपडेलवर सर्चलाइटच्या प्रकाशात रात्रीचा सामना झाला. हे सर्चलाइट युद्ध खात्याच्या परवानगीने मिळाले होते आणि त्या वेळी त्या खात्याचे मंत्री विन्स्टन चर्चिल होते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १९२० च्या ‘बॉक्सिंग डे’ला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, कर लेडीज’ आणि सेंट हेलेन्स यांचा सामना झाला. सुमारे ५३,००० प्रेक्षक आत होते आणि जागा नसल्यामुळे हजारो लोक दारातूनच परतले. ‘डिक, कर’ने हा सामना ४-० असा जिंकला आणि ३,११५ पौंड जमले. मदत गेली ती युद्धातून परतलेल्या गरजू सैनिकांना.

या आकड्यांचा अर्थ काळजीपूर्वक लावला पाहिजे. १९१७ चा प्रेक्षक कदाचित कुतूहलाने वा दयाबुद्धीने आला असेल. १९२० चा प्रेक्षक मात्र खेळ पाहण्यासाठी आला होता. लिली पारसारखी डाव्या बगलेवरून खेळणारी पंधरा वर्षांची खेळाडू आता त्याच्या परिचयाची होती. निमित्त धर्मादायाचे राहिले, आकर्षण मात्र खेळाचे झाले. संघर्षाचे बीज नेमके येथेच आहे.

५ डिसेंबर १९२१ चा ठराव :

गुडिसन पार्कच्या सामन्याला वर्षही झाले नव्हते, तोच फुटबॉल असोसिएशनच्या परिषदेने एक ठराव केला. फुटबॉल हा खेळ स्त्रियांना मुळीच योग्य नाही आणि त्यास उत्तेजन देऊ नये, असे त्यात प्रारंभीच म्हटले होते. उत्पन्नाचा अवाजवी भाग खर्चात जातो आणि धर्मादाय कार्यासाठी पुरेसा वाटा उरत नाही, हा दुसरा आक्षेप होता. म्हणून संलग्न क्लबांनी अशा सामन्यांना आपली मैदाने देऊ नयेत, असे सांगण्यात आले.

खर्चाचा प्रश्न गैरलागू नव्हता. प्रवास, निवास आणि बुडालेला रोज यांसाठी पैसे लागतच होते. गिरणी-कारखान्यात रोजावर काम करणाऱ्या स्त्रीने स्वतःच्या मजुरीवर पाणी सोडून खेळावे, ही अपेक्षा न्याय्य म्हणता येणार नाही. शिवाय दोष हिशेबाचा असेल, तर हिशेब तपासणे हा उपाय होता. त्यासाठी स्त्रीदेहाच्या योग्यायोग्यतेची चर्चा करण्याचे कारण नव्हते. हे दोन आक्षेप एकाच ठरावात शेजारी बसतात, तेव्हा दुसरा आक्षेप पहिल्याचा आधार म्हणून योजला गेला असावा, असे अनुमान निघते. १९२१ च्या खाणबंदीच्या काळात स्त्रियांच्या सामन्यांतून खाणकामगारांच्या कुटुंबांनाही मदत मिळाली होती. प्रस्थापितांच्या नाराजीचे हेही एक कारण होते, असे काही अभ्यासक मानतात.

ठरावाने स्त्रियांना खेळण्यास मनाई केली नाही, फक्त मैदान काढून घेतले. पण मोठे मैदान नाही म्हणजे गर्दी नाही आणि गर्दी नाही म्हणजे निधी नाही. दानाच्या रक्षणासाठी केलेल्या ठरावाने दानाचा झराच आटविला. ‘डिक, कर’ संघ मिळेल त्या मैदानांवर खेळत राहिला. १९२६ नंतर तो ‘प्रेस्टन लेडीज’ या नावाने ओळखला गेला आणि १९६५ साली विसर्जित झाला. बंदी पूर्णपणे उठण्यास १९७१ साल उजाडले.

असोसिएशनचा स्वतःचा हिशेब :

या प्रकरणाला एक उत्तरकांड आहे. लीग विजेता आणि चषक विजेता यांच्यात दरवर्षी होणारा ‘चॅरिटी शील्ड’ हा सामना असोसिएशनच १९०८ पासून धर्मादाय कार्यासाठी भरवीत आली होती. तिकिटांच्या उत्पन्नातील किती रक्कम धर्मादायासाठी आहे हे स्पष्ट केले जात नाही आणि संस्थांना पैसे विलंबाने मिळतात, असा निष्कर्ष २००२ साली ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने काढला. परिणामी सामन्याचे नाव बदलून ‘कम्युनिटी शील्ड’ करण्यात आले. सामना मात्र चालूच राहिला. पुरुषांच्या सामन्याच्या हिशेबात उणीव आढळली तेव्हा नाव बदलले, स्त्रियांच्या हिशेबावर आक्षेप आला तेव्हा मैदानच गेले. दोन घटनांमध्ये ऐंशी वर्षांचे अंतर आहे, हे खरे. तरीही या तुलनेतून हिशेबाचे निकष सर्वांना सारखे लावले जात नाहीत, हे स्पष्ट होते.

समारोप :

२००८ साली असोसिएशनने या बंदीबद्दल क्षमा मागितली. १९२० ची ५३,००० ही उपस्थिती इंग्लंडमधील महिला क्लबांच्या देशांतर्गत सामन्यात मागे पडली, ती मे २०२३ मध्ये वेम्बलीवर ७७,३९० प्रेक्षकांनी चषकाचा अंतिम सामना पाहिला तेव्हा. मधल्या शतकात किती खेळाडू घडल्याच नाहीत, याची गणना कोणत्याही तक्त्यात मिळणार नाही.

परोपकाराच्या नावाने मिळालेला प्रवेश हा हक्क नसतो, ती सवलत असते आणि सवलत देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो. प्रेस्टनच्या कामगार स्त्रियांनी इतरांसाठी हजारो पौंड जमविले, परंतु स्वतःसाठी खेळण्याचा हक्क त्यांच्या पदरी पडला नाही. सार्वजनिक जीवनात स्त्रियांच्या सहभागाचा इतिहास लिहिताना ‘प्रवेश मिळाला’ एवढीच नोंद करून अभ्यासकाने थांबू नये. तो कोणत्या अटीवर मिळाला आणि ती अट कोणाच्या हाती होती, हेही तपासावे.